भाऊ मेरापीजवळच्या फौंड्रीत चाललाय: ज्वालामुखीचा धोका नेमका किती आणि तयारी काय करावी?

उद्यमबागची_ताई

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मेल्टिंग बघतो. कंपनीच्या कामासाठी तो ऑक्टोबरात इंडोनेशियाला चाललाय, जावा बेटावर क्लातेन जिल्ह्यातल्या चेपरला. तिकडे बिडाचं ओतकाम करणाऱ्या पुष्कळ फौंड्र्या आहेत, त्यातल्या एकीत इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) बसवून चालू करून द्यायची आहे. काम एप्रिल-मेपर्यंत चालेल. नकाशात बघितलं तर चेपरच्या वायव्येला मेरापी ज्वालामुखी आहे, आणि तो जागा आहे. आईनं हे ऐकल्यापासून तिचं कशात लक्ष नाही.

लाव्हा चेपरपर्यंत येऊ शकतो का? इशारा आधी मिळतो का, आणि तो कुठं बघायचा? राख पडली तर राहत्या घरी आणि कारखान्यात काय करायचं? त्याला लहानपणापासून दमा आहे, पंप कायम सोबत असतो. नुसतं 'काळजी करू नका' नको, नेमकं सांगा.

दख्खनी_पाषाण

ताई, आधी अंतर बघू. मेरापीच्या शिखरापासून क्लातेन शहर सरळ रेषेत 25 किमीच्या आसपास आणि चेपर त्याच्या थोडं पलीकडे. बेळगाव ते खानापूर एवढं धरा. लाव्हा तिथवर येणार नाही. मेरापीचा लाव्हा घट्ट असतो, तो लांब वाहत जात नाही, तोंडाशीच साचून त्याचा घुमट होतो. या डोंगरानं माणसं मारली ती लाव्ह्यानं नव्हे.

घुमट वाढत वाढत उताराकडे झुकला की त्याची कड ढासळते. तापलेले दगड, राख आणि वायू यांचा एकच लोंढा होऊन दरीतून खाली सुटतो. तिथल्या बातम्यांत 'आवान पानास' असे शब्द दिसले की तो हाच, तप्त ढग. वेग ताशी 80-100 किमी किंवा त्याहून जास्त, आतलं तापमान काही शे अंश सेल्सिअस. मोटारसायकलवरून पळून सुटका नाही आणि दार लावून घरात बसूनही नाही. 2006 च्या जूनमध्ये कालिआदेमला दोघे जण तप्त ढगापासून बचावासाठीच बांधलेल्या काँक्रीटच्या बंकरमध्ये शिरले होते. वर तापलेल्या दगड-राखेचा थर बसला आणि दोघेही आतच दगावले. ढग सुटतो त्या वेळी आपण त्या दरीत नसणं, एवढाच बचाव आहे.

ढग कुठवर येतो? नेहमीच्या ढासळण्यात दोन-चार किमी. पण 5 नोव्हेंबर 2010 ला मध्यरात्रीनंतर गेंडोल नदीच्या दरीतून तो सुमारे 16 किमी खाली आला. बेळगाव शहरातून राजहंसगड साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. त्या वर्षी एकूण साडेतीनशेहून अधिक माणसं दगावली, आणि त्यातली बरीच त्या एका रात्री. 1930 च्या उद्रेकात तेराशेहून अधिक गेली होती.

इशाऱ्याचं म्हणाल तर 2010 चा क्रम बघा. पातळ्या चार असतात: पहिली 'नॉर्मल', दुसरी 'वास्पादा', तिसरी 'सियागा', चौथी 'आवास'. 20 सप्टेंबरला दुसरी लागली, 21 ऑक्टोबरला तिसरी, 25 ऑक्टोबरला सकाळी चौथी, आणि शिखरापासून 10 किमीच्या आतल्या गावांना निघायला सांगितलं. पहिला स्फोट दुसऱ्या दिवशी, 26 ला संध्याकाळी झाला. 3 नोव्हेंबरला हद्द 15 किमी केली, 5 ला 20 किमी. जवळजवळ चार लाख लोक हलवले गेले. हे झालं नसतं तर आणखी दहा ते वीस हजार माणसं गेली असती, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

इशारा हवेतून काढलेला नव्हता. डोंगरावर ठिकठिकाणी परावर्तक बसवलेले आहेत आणि खालच्या ठाण्यांवरून त्यांचं अंतर रोज मोजलं जातं. डोंगर आतून फुगला की ते अंतर कमी होतं. 26 ऑक्टोबरच्या आधी ते दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत घटत होतं. भूकंपमापक, वायूंचं मापन आणि कॅमेरे वेगळेच. योग्यकर्त्यातली मेरापी वेधशाळा या कामात जगातल्या अनुभवी वेधशाळांपैकी आहे, तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

तरीही माणसं का गेली, हे भावाला नीट सांगा. किनाहरेजो गावात डोंगराचे पारंपरिक राखणदार मबाह मारिजान राहत. त्यांनी घर सोडलं नाही, त्यांच्याकडे बघून आणखी काही जण थांबले, आणि 26 तारखेला ते सारे गेले. बाकी ठिकाणी पुष्कळ जण छावणीतून दिवसा परत वर जात, गुरांना वैरण घालायला. शेतकऱ्याला गोठ्यातलं जनावर उपाशी ठेवून छावणीत बसवत नाही, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून तिथं पुढं माणसांबरोबर जनावरं हलवण्याची सोय हा स्थलांतराचाच भाग मानू लागले.

5 नोव्हेंबर 2020 ला तिसरी पातळी लागली आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली आहे. या पातळीत हद्दी नदीप्रमाणे ठरवलेल्या असतात. नैर्ऋत्येला बेदोग, क्रासाक, बेबेंग या नद्यांत 7 किमीपर्यंत, बोयोंगमध्ये 5 किमीपर्यंत. आग्नेयेला, म्हणजे क्लातेनच्या अंगाला, वोरो नदीत 3 किमी आणि गेंडोलमध्ये 5 किमी. मोठा स्फोट झालाच तर उडालेले दगड 3 किमीच्या घेऱ्यात पडू शकतात. जायच्या आठवड्यात हे आकडे पुन्हा बघून घ्या, घुमट कुठल्या अंगाला वाढतोय त्याप्रमाणे ते बदलतात.

निपाणी_देवचंद

वरचं उत्तर चोख आहे. त्यात एक भर: मेरापी आणि मारापी हे दोन वेगळे डोंगर आहेत. मारापी पश्चिम सुमात्रात, चेपरपासून हजार किमीहून लांब. 3 डिसेंबर 2023 ला मारापीवर 24 गिर्यारोहक दगावले आणि मराठी वाहिन्यांवर नावं एकमेकांत मिसळली. आईला टीव्हीवर नाव दिसलं तर आधी बेट कुठलं ते बघा.

बघायचं कुठं, तर 'मॅग्मा इंडोनेशिया' हे तिथल्या सरकारी ज्वालामुखी खात्याचं ॲप आणि संकेतस्थळ. त्यात प्रत्येक डोंगराची पातळी आणि रोजचा अहवाल असतो. भाषा इंडोनेशियन, पण भाषांतर लावलं की कळतं. अहवालात 'गुगुरान' म्हणजे दगड ढासळले, हे जवळजवळ रोज असतंच. त्यानं दचकू नका. 'आवान पानास' किती वेळा, किती लांब आणि कुठल्या नदीत, ते वाचायचं. वेळ तिथली असते, आपल्यापेक्षा दीड तास पुढं. विमानांसाठी वेगळा रंगांचा इशारा असतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. तो राखेपुरता असतो, गावं रिकामी करण्याशी त्याचा संबंध नाही.

जिल्ह्याची आपत्ती यंत्रणा 'बेपेबेदे'. गाव हलवायचा हुकूम त्यांच्याकडून येतो, त्यांचा क्रमांक कारखान्यातून पहिल्याच दिवशी घ्यायचा. जकार्त्यातल्या भारतीय दूतावासात नोंद करून जायला सांगा.

उद्यमबागची_ताई

दोघांचेही खूप आभार, आईला वाचून दाखवलं. आता नवीनच कळलं बगा. कारखानदारानं कळवलंय की राहायची सोय 'वरच्या अंगाला, थंड हवेत' केमालांगच्या बाजूला त्यांच्या बंगल्यावर करतो, गाडीनं रोज ने-आण करू. हे चालेल का?

दख्खनी_पाषाण

नको. केमालांग हा क्लातेन जिल्ह्याचा डोंगराकडचा तालुका. त्यातली बालेरांते, सिदोरेजो आणि तेगालमुल्यो ही गावं सर्वांत जास्त धोक्याच्या पट्ट्यात येतात. तालुका बराच पसरट आहे, खालची गावं तुलनेनं बरी, पण थंड हवेचा बंगला म्हणजे वरच असणार. चेपरचं सुरक्षित अंतर राहण्याच्या जागेमुळे घालवू नका. माणूस कामावर आठ-दहा तास असतो, बाकीचा वेळ आणि सगळी रात्र खोलीवर. 2010 चा मोठा ढग रात्री बारानंतरच आला होता.

कारखानदाराला सरळ लिहा: खोली क्लातेन शहरात किंवा चेपरलाच हवी, शिखरापासून 20 किमीच्या बाहेर आणि वोरो किंवा गेंडोलच्या पात्रापासून निदान अर्धा किमी लांब. तिथले लोक समंजस आहेत, कारण सांगितलं की ऐकतील. केमालांगला जेवायला बोलावलं तर पातळी बघून दिवसा जाऊन यावं. एका दुपारचा प्रश्न वेगळा आणि सहा महिन्यांच्या रात्रींचा वेगळा.

मार्कंडेय_काठ

नदीचा उल्लेख झालाच आहे तर तो मुद्दा नीट मांडतो. चेपरसारख्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला तप्त ढगापेक्षा याच्याशी गाठ पडण्याची शक्यता जास्त आहे. त्याला लाहार म्हणतात. उद्रेकानं उतारावर राख, वाळू, धोंडे यांचे ढीग साचतात, त्यावर जोराचा पाऊस पडला की ते सगळं पाण्याबरोबर नदीत उतरतं. त्यासाठी त्या दिवशी उद्रेक व्हावा लागत नाही. 2010 चा माल त्यानंतरचे कित्येक पावसाळे खाली येत राहिला.

आपल्याला पूर माहीत आहे. 2019 च्या ऑगस्टात घटप्रभेचं पाणी गोकाकात शिरलं, तेव्हा हिडकल धरणाचा विसर्ग किती, पाणी कधी पोचणार, हे काही तास आधी तरी कळत होतं. लाहारमध्ये तेवढी सवड नसते. डोंगरात पाऊस पडल्यापासून खालच्या पुलापर्यंत कधी अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही कमी. आणि ते पाणी नसतं, काँक्रीट मिक्सरमधून पडणारा माल बघा, तसा तो लोंढा असतो. घोट्याएवढा असला तरी पाय उचलत नाही. त्यातून खोलीएवढे धोंडे वाहत येतात, पुलाचे खांब तुटतात ते धोंड्यांच्या मारानं. जानेवारी 2011 मध्ये पुतिह नदीचा लाहार जुमोयो गावात घुसला, घरं वाळूत बुडाली आणि योग्यकर्ता ते मागेलांग हा मुख्य रस्ता बंद पडला.

मेरापीवर साधारण दोन तासांत 40 मिमीच्या पुढं पाऊस झाला की लाहार सुटू शकतो. जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण कणकुंबीच्या डोंगरावर झाडी आणि मुरलेली माती आहे, तिथं सुटी राख आहे. दुसरं, तिकडचा पावसाळा आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, आणि जोर बहुधा दुपारनंतर. म्हणजे भावाचा जवळजवळ सगळा मुक्काम पावसाळ्यातच आहे.

चेपरहून योग्यकर्त्याकडे मुख्य रस्त्यानं जाताना वोरो आणि गेंडोलकडून येणारं पाणी वाटेत ओलांडावं लागतं, प्रांबानान ओपाक नदीच्या काठावर आहे आणि गेंडोल त्याच ओपाकला मिळते. पात्राजवळ असताना पाळायचं एवढंच:

डोक्यावर ऊन असलं तरी डोंगर काळ्या ढगात असेल, तर पात्रात उतरायचं नाही. वाळू भरणारे ट्रक पात्रात उभे दिसतात म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही, लाहारमध्ये सापडतात ते बहुतेक हेच कामगार. नदीचं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा चालू पावसात अचानक कमी झालं, किंवा वरून घरघर ऐकू येऊन जमीन थरथरली, तर पात्राला काटकोनात, काठाच्या चढाकडे जायचं. नदीबरोबर खाली पळायचं नाही. पुलाच्या अलीकडे असाल तर अलीकडेच थांबायचं, 'पटकन पलीकडे जाऊ' हा विचार घातक. आणि पहिली लाट गेली म्हणून लगेच उतरायचं नाही, एकाच पावसात तीन-चार लाटा येतात.

त्या नद्यांवर जपानी तंत्राचे 'साबो' बांध आहेत, मोठे दगड अडवून बाकीचं सोडणारे. ते उपयोगी आहेत, पण वाळूनं भरले की पुढचा लाहार त्यांच्यावरून जातो. बांध आहे म्हणून पात्राकाठी खोली घेणं, हे कुणी सुचवलं तरी ऐकू नये.

कुपोला_ते_इंडक्शन

फौंड्रीचा भाग मी सांगतो, हे भावाला जसंच्या तसं पाठव.

राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती काचेचे आणि खनिजांचे बारीक, धारदार कण असते. निम्म्याहून जास्त सिलिका. कोरडी असताना घासते, ओली झाली की वीज वाहून नेते. तिच्यापासून फर्नेसला तीन धोके आहेत.

वीज जाणे. ओली राख इन्सुलेटरवर बसली की फ्लॅशओव्हर (ठिणगी उडून वीज भलतीकडे जाणे) होऊन लाईन ट्रिप होते. राख पडायला लागली आणि त्यावर रिमझिम आली, की वीज जाणार असंच धरून चालायचं. फर्नेसमध्ये भरलेला मेटल असेल आणि पॉवर गेली तर कॉइलला (फर्नेसभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्याला) थंड ठेवणारं पाणी क्षणभरही थांबता कामा नये. पंपाला डिझेलचा बॅकअप आणि त्याशिवाय वरच्या टाकीतून ग्रॅव्हिटीनं येणारी वेगळी लाईन, दोन्ही हव्यात, आणि कमिशनिंगच्या वेळीच मेन स्विच पाडून दोन्ही चालवून बघायच्या. मेटल ओतून टाकला तरी लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) तापलेलंच असतं, म्हणून पाणी पुढं कित्येक तास चालू ठेवावं लागतं. वीज लवकर येत नाही असं दिसलं तर बाथ (भट्टीतला वितळलेला मेटल) गोठू द्यायचा नाही, टिल्ट करून आपत्कालीन खड्ड्यात किंवा पिग मोल्डमध्ये (मेटलच्या लाद्या पाडायच्या साच्यांत) रिकामा करायचा. टिल्टिंगच्या हायड्रॉलिकला हातपंप किंवा जनरेटरची जोड आहे का, ते आधी बघ. आणि तो खड्डा हाडासारखा कोरडा हवा. राखेचा दिवस म्हणजे दारं उघडी, पत्र्याला गळती, खड्ड्यात ओल. ओल्या खड्ड्यात 1400-1500 अंशांचा मेटल गेला तर वाफेचा स्फोट होतो.

स्क्रॅप. तिकडे बऱ्याच ठिकाणी स्क्रॅप उघड्यावर असतं. राख पोकळ तुकड्यांत जाऊन बसते आणि पाणी धरून ठेवते. वरून वाळलेलं दिसतं, आत चिखल असतो. ते थेट बाथमध्ये टाकलं की मेटल उसळून बाहेर येतो. राखेनंतरचे दोन-तीन दिवस फक्त शेडखालचं स्क्रॅप वापरायचं किंवा प्रीहीट करून घ्यायचं. राखेनं स्लॅगही (वर तरंगणारी मळी) वाढतो, तो वरचेवर काढावा लागतो, पण ते दुय्यम.

हवा आणि पाणी. राख पडत असताना कॉम्प्रेसर बंद. चालवायचाच असेल तर सक्शनला जादा फिल्टर लावून आणि दर दोन तासांनी बघून. फर्नेसच्या पॉवर पॅनेलच्या पंख्यांना फिल्टर मॅट लावायची, जोडीला बदलीच्या मॅट ठेवायच्या. पॅनेल उघडून हवा मारून साफ करायचं नाही, राख बसबारवर (वीज नेणाऱ्या पट्ट्यांवर) जाते. व्हॅक्युमनं काढायची. कूलिंग टॉवरचा पंखा बंद करून बेसिन ताडपत्रीनं झाकायचं, नाहीतर हीट एक्स्चेंजर गाळानं तुंबतो आणि कॉइलचं तापमान चढतं. यासाठीच राखेचा इशारा आल्याबरोबर नवी हीट (वितळवायची खेप) घ्यायची नाही. चालू हीट ओतून फर्नेस रिकामी, मग टॉवर झाकायचा. क्रम उलटा झाला तर अडचण.

छपराचं वजन लक्षात असू दे. 10 सेंमी कोरडी राख चौरस मीटरला अंदाजे 65 ते 110 किलो भरते, भिजली की दुप्पट. चेपरच्या अंतरावर इतकी सहसा पडत नाही, पण फौंड्रीच्या जुन्या पत्र्याला थोडीही पुरते, कारण सगळी पन्हाळीत आणि दोन छपरांमधल्या घळीत येऊन साचते. पन्हाळी आधी मोकळ्या करायच्या. पत्र्यावर माणूस चढवायचा तर फळ्या टाकून, दोर बांधून, आणि राख फावड्यानं कोरडीच ओढून काढायची. पाईपनं पाणी मारू नका, वजन वाढतं आणि पन्हाळीत गेलेली राख घट्ट बसते. धूळ उडू नये एवढंच पाणी शिंपडायचं.

डॉक्टर_वडगाव

दम्याबद्दल.

राखेतले 10 मायक्रॉनपेक्षा बारीक कण श्वासनळ्यांत उतरतात. मेरापीच्या घुमटाच्या राखेत क्रिस्टोबलाइट हा सिलिकाचा प्रकारही असतो, म्हणून वर्षानुवर्षं तिच्यात काम करणाऱ्यांची चिंता वेगळी. तुमच्या भावाच्या बाबतीत मुख्य भीती अचानक धाप लागण्याची.

मास्क एन-95, केएन-95 किंवा एफएफपी-2 दर्जाचा. नाकावरची पट्टी दाबून बसवायची आणि जोरात श्वास सोडून कडेनं हवा जाते का ते बघायचं. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. सर्जिकल मास्क आणि रुमाल यांचा उपयोग फार थोडा, आणि रुमाल ओला केल्यानं तो वाढत नाही. दमेकऱ्याला एन-95 मधून श्वास घ्यायला जड जातं, तेव्हा इथंच घरी एक-दोनदा लावून सवय करून घ्यावी. तिकडे फौंड्रीच्या धुळीसाठी मिळेल तो मास्क चालेल असं समजू नका, इथून 20-30 नग न्या.

औषध: फक्त सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप पुरेसा नाही. रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप, ब्युडेसोनाइड किंवा तुमच्या डॉक्टरांनी दिलेला, निघायच्या आधी निदान महिनाभर नियमित सुरू हवा. त्याचा परिणाम हळूहळू येतो, राख पडल्यावर सुरू करून भागत नाही. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) सोबत ठेवा. औषधांची मूळ नावं लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी आणि काही महिन्यांचा साठा हातातल्या सामानात ठेवा. निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, किंवा एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर थांबायचं नाही, तडक रुग्णालय.

राख पडत असताना खोलीतच. दाराखाली ओलं फडकं, बाहेरची हवा आत ओढणारा एसी आणि पंखा बंद, आत आल्यावर कपडे दाराशीच उतरवायचे. डोळे चोळायचे नाहीत, स्वच्छ पाण्यानं धुवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर चष्मा न्यावा. झाडलोट त्यानं करू नये, कारखान्यातही त्या दिवशी त्याला त्यातून सूट मागून घ्या. पाण्याची टाकी झाकलेली असावी, आणि राख पडून गेल्यावर एक-दोन दिवस प्यायला बाटलीबंद पाणी.

हलकर्णी_फाटा

थोडं विषयाबाहेर विचारतो. आपल्या भागात पण काळा दगड सगळा ज्वालामुखीचाच म्हणतात. मग इथं कधी परत फुटेल का? गावात कोयनेचा धक्का जाणवला की लोक हेच बोलतात.

दख्खनी_पाषाण

नाही. आपला काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो लांबलचक भेगांतून वाहिला आणि तो स्रोत कधीच आटला. भारतखंड तेव्हा ज्या तप्त जागेवर होतं तिथून ते उत्तरेला सरकलं, आज ती जागा हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला डोंगर अजून फुटतो. बेळगाव या बसाल्टच्या अगदी दक्षिण काठावर आहे. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो तर ज्वालामुखीचा नव्हेच, त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म-क्वार्टझाइट आहे. कोयनेचे धक्के भेगांच्या हालचालीचे, तिथं खाली शिलारस नाही. भारतात आज जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथं वस्ती नाही.

उद्यमबागची_ताई

खोलीचं झालं, क्लातेन शहरात द्यायला कारखानदार तयार आहे. डॉक्टर, प्रतिबंधक पंप याच आठवड्यात सुरू करतो. शेवटचं एकच. त्याला सुट्टीच्या दिवशी फिरायची हौस आहे, गाडी भाड्यानं घेऊन डोंगरांकडे जाईन म्हणतो. काय टाळावं? आणि विमानं बंद पडली तर?

निपाणी_देवचंद

प्रांबानान, बोरोबुदूर खुशाल बघू दे, फक्त बोरोबुदूरला जाताना क्रासाक, पुतिह, पाबेलान या नद्या ओलांडाव्या लागतात, तेव्हा पावसाच्या दुपारी नको. मेरापीच्या दक्षिण उतारावर जीपच्या सहली निघतात, त्या पातळीची हद्द पाळतात की नाही ते आधी विचारायचं. हद्दीच्या पुढं नेतो म्हणणाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही.

दिएंग पठारावर जायचं असेल तर ठरलेल्या वाटा सोडायच्या नाहीत. तिथं फेब्रुवारी 1979 मध्ये जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडनं दीडशेच्या आसपास माणसं गेली, पळून जाणारी वाटेतच कोसळली. तो वायू हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही, खोलगट जागी साचतो. 'प्रवेश बंद' अशी पाटी असलेल्या घळीत फोटोसाठीसुद्धा उतरू नये, आणि कुणी पडलेला दिसला तर एकट्यानं धावत खाली जाऊ नये, दुसराही तिथंच पडतो.

विमानाचं म्हणाल तर राख मेरापीचीच असेल असं नाही. 13 फेब्रुवारी 2014 ला पूर्व जावातला केलुद फुटला आणि दोनशे किमी लांबचा योग्यकर्त्याचा विमानतळ राखेनं बंद झाला, सोलो आणि सुराबायाचेही. इंजिनात राख वितळून पात्यांवर काचेसारखी थिजते. 1982 मध्ये गालुंगगुंगच्या राखेत एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती, ती सुदैवानं विमान कमी उंचीवर आल्यावर पुन्हा सुरू झाली. तेव्हा विमान रद्द केलं म्हणून भांडत बसू नये. जकार्त्याला रेल्वे आहे, क्लातेन त्याच मार्गावर आहे. जकार्त्याचा विमानतळ उघडा आहे का ते बघून मगच रेल्वेचं तिकीट काढायचं. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या, आणि हातात चार-पाच दिवसांच्या खर्चाची रोख रुपिया ठेवायला सांगा, वीज गेली की एटीएम पण बंद असतात.